फू फायटर्सचा 'द कलर अँड द शेप': 'एव्हरलाँग' वाजवताना नुसता गोंगाट का होतो?

मंद्रसप्तक

फू फायटर्स या रॉक बँडच्या 'द कलर अँड द शेप' या अल्बममधली तीन गाणी बसवायची आहेत: 'मंकी रेंच', 'माय हिरो' आणि 'एव्हरलाँग'. दोन गिटार, बेस, ड्रम आणि एक गायक असा संच आहे. कॉर्ड पाठ आहेत, शब्द पाठ आहेत, लयही बऱ्यापैकी टिकते. तरी 'एव्हरलाँग' पहिल्या मिनिटातच इतकं भरून जातं की कोरस आल्याचं कळतच नाही. मूळ रेकॉर्डिंगमध्ये छातीत कालवाकालव होते, ती इथे कुठेच जाणवत नाही.

नेमके प्रश्न असे:

१. हा 'घटस्फोटाचा अल्बम' म्हणून ओळखला जातो. त्यातली किती गाणी खरोखर त्या काळातली आहेत? गायकाला कोणत्या गाण्यात काय भाव धरायचा ते ठरवायचं आहे.

२. ड्रॉप डीमध्ये (गिटारची सगळ्यात जाड तार ईऐवजी डीवर उतरवून) ती तार जोरात वाजवली की सूर वर चढतो. नवी तार घातली तरी तेच.

३. 'एव्हरलाँग'च्या हाय-हॅटवर (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीवर) ड्रमरचे हात दीड मिनिटात भरून येतात.

४. ऐकून शिकायचं तर कोणती आवृत्ती धरावी?

कॅसेट_बी_साइड

पहिल्या आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर देतो. बाकीचं वाजवणारे सांगतील.

आधी पार्श्वभूमी, कारण या अल्बमचा आवाज तिच्यातूनच आलाय. फू फायटर्सचा १९९५ चा पहिला अल्बम म्हणजे जवळजवळ एकट्या डेव्ह ग्रोलचं काम. ग्रोल म्हणजे बँडचा गायक-गिटारवादक, आधी निर्वाणा या बँडचा ड्रमर. ऑक्टोबर १९९४ मध्ये सिअॅटलच्या रॉबर्ट लँग स्टुडिओत आठवडाभरात रेकॉर्ड झालेला. बँड नंतर जमवला: सनी डे रिअल इस्टेट या बँडमधून बेसवर नेट मेंडेल आणि ड्रमवर विल्यम गोल्डस्मिथ, गिटारवर पॅट स्मिअर. म्हणजे 'द कलर अँड द शेप' हा बँड म्हणून त्यांचा पहिलाच अल्बम.

निर्माता गिल नॉर्टन. पिक्सीज या बँडचा 'डूलिटल' त्याचाच. हळू आवाजातलं कडवं आणि अंगावर येणारा कोरस ही पिक्सीजची रीत ग्रोलला आधीपासून प्रिय होती. नॉर्टनने त्यात शिस्त आणली: स्टुडिओत पाऊल ठेवण्याआधी गाण्यांची चिरफाड, कुठला भाग लांबलाय, कुठला दोनदा येतोय, कुठली ओळ कुठे थांबते याची तासन्‌तास तालीम. मला विचाराल तर या अल्बमचं अर्धं श्रेय त्या तालमींना आहे. दुःख पुष्कळांकडे असतं, ते सव्वाचार मिनिटांत बसवणं अवघड.

१९९६ च्या शेवटी वॉशिंग्टन राज्यातल्या वुडिनव्हिलला, बेअर क्रीक नावाच्या स्टुडिओत काम सुरू झालं. जुन्या शेतघराच्या कोठारात उभारलेला स्टुडिओ. त्याच सुमाराला ग्रोलचं लग्न मोडत होतं. तिथलं काम मनासारखं झालं नाही. नाताळात तो घरी, व्हर्जिनियाला गेला, आणि राहायला धड जागा नसताना मित्राकडे जमिनीवर पथारी टाकून असताना 'एव्हरलाँग' तयार झालं. 'वॉकिंग आफ्टर यू'सुद्धा त्याच दिवसांतलं. वॉशिंग्टन डीसीमधल्या एका छोट्या स्टुडिओत दोन्हींचे कच्चे मसुदे त्याने रेकॉर्ड केले. १९९७ च्या सुरुवातीला हॉलिवूडच्या ग्रँडमास्टर स्टुडिओत अल्बमचा मोठा भाग नव्याने केला गेला, आणि २० मे १९९७ ला तो बाजारात आला.

आता तुमचा प्रश्न. तेराच्या तेरा गाणी घटस्फोटाची आहेत हा समज चुकीचा आहे. 'माय हिरो' आणि 'इनफ स्पेस' ही दोन्ही लग्न मोडायच्या आधीपासून कॉन्सर्टमध्ये वाजत होती. 'माय हिरो'वर दुसरा शिक्का बसतो तो निर्वाणाचा दिवंगत गायक कर्ट कोबेनचा, म्हणजे ते त्याच्याबद्दल आहे असा. ग्रोलने ते साध्यासुध्या, रोजच्या आयुष्यातल्या माणसांबद्दलचं गाणं असल्याचं सांगितलंय. तेव्हा तुमच्या गायकाने त्यात शोक भरू नये. तिथे आदर आहे, छाती भरून आलेला आदर. 'मंकी रेंच' मात्र थेट मोडत्या नात्यातलं: चीड आहे, सुटका हवी आहे, आणि आपणच खोडा झालो हे मान्यही आहे. 'एव्हरलाँग' मोडल्याचं गाणं नाहीच. सगळं उद्ध्वस्त झालेलं असताना नव्याने कुणावर तरी जीव जडतो आणि हे टिकेल का अशी धास्ती वाटते, ते हे गाणं. तुमचा गायक तिथे रागाने ओरडत असेल तर गाणं तिथेच संपलं.

गाण्यांचा क्रमही नीट बघा. 'डॉल' हे दीड मिनिटापेक्षा कमी लांबीचं, जवळजवळ कुजबुजत म्हटलेलं गाणं सुरुवातीला, आणि त्याला चिकटून 'मंकी रेंच'. पुढे 'फेब्रुवारी स्टार्स' सावकाश चढत जातं, मग 'एव्हरलाँग', मग 'वॉकिंग आफ्टर यू'ची शांतता, आणि शेवटी 'न्यू वे होम'. तीन गाणी सलग वाजवणार असाल तर हा उतारचढाव उसना घ्या: 'मंकी रेंच', मग 'माय हिरो', आणि 'एव्हरलाँग' शेवटी.

आवृत्ती: १९९७ ची मूळ तेरा गाण्यांची धरा. २००७ च्या दशकपूर्ती आवृत्तीत सहा जादा गाणी आहेत (गेरी रॅफर्टीचं 'बेकर स्ट्रीट', किलिंग जोकचं 'रेक्विएम', शिवाय मूळ अल्बमवर नसलेलं खुद्द 'द कलर अँड द शेप' हे गाणं). ऐकायला छान आहेत, पण अल्बमचा शेवट 'न्यू वे होम'वरच व्हायला हवा. 'वॉकिंग आफ्टर यू' शोधताना काळजी घ्या. १९९८ च्या 'एक्स फाइल्स' चित्रपटासाठी ते बँडने पुन्हा रेकॉर्ड केलं. अल्बमवरचं वेगळं आहे आणि त्यात सगळी वाद्यं ग्रोलची आहेत.

सहावी_तार

गिटारचं सांगतो. तुमच्याकडे दोन चुका एकत्र होत असाव्यात: तारेचा ताण आणि गेन (अॅम्पवर आवाज किती फाटू द्यायचा ते).

आधी तार. खालची ई डीवर उतरवली की कंपनसंख्या सुमारे ८२.४ हर्ट्झवरून ७३.४ वर येते. ताण कंपनसंख्येच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे तो जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी होतो. सैल तारेवर जोरात पिक मारला की ती क्षणभर ताणली जाते आणि सूर चढतो. म्हणून नवी पण तितकीच बारीक तार घालून काही फरक पडणार नाही. १०-४६ चा संच (सगळ्यात बारीक आणि जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) असेल तर १०-५२ घ्या. वरच्या तारा तशाच मऊ राहतात, खालची जाड होते. तार बदलल्यावर हे करा:

नटमधली (मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्यातली) खाच जाड तारेला पुरते का बघा. तार खाचेत अडकत असेल तर ट्यून करताना 'टिक' असा आवाज येतो आणि सूर उडी मारतो. खाच रुंद करायचं काम गिटार दुरुस्त करणाऱ्याकडूनच करून घ्या.

मग इंटोनेशन, म्हणजे फ्रेटवर दाबल्यावरही सूर अचूक येतो का ते. मोकळी डी अचूक लावा, बाराव्या फ्रेटवर दाबून बघा. दाबलेला सूर वर जात असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा आधार) मागे (नटपासून दूर), खाली जात असेल तर पुढे. हे सगळं तार डीवर असताना करायचं, ईवर असताना केलेलं उपयोगाचं नाही.

तरंगता (स्प्रिंगांवर हलणारा) ब्रिज असेल तर एक तार उतरवली की बाकी पाच चढतात. सगळ्या तारा दोन-तीन फेऱ्यांत लावाव्या लागतात आणि ते बसेपर्यंत गाणं सुरू करू नका. स्थिर ब्रिजची गिटार मिळत असेल तर या संचासाठी तीच वापरा.

ट्यून करताना डीच्या खाली जाऊन वर या. वरून खाली आलात तर तार पुढच्या दोन मिनिटांत आणखी उतरते.

आता गेन, म्हणजे गोंगाटाचं खरं कारण. 'एव्हरलाँग'चा पहिला कॉर्ड डी मेजर सेव्हन आहे. त्यात डी आणि त्याच्या अर्धा सूर खालचा सी शार्प एकमेकांना घासतात. ती घासच गाण्याचा जीव. गेन जास्त असला की हे दोन सूर वेगळे ऐकूच येत नाहीत, त्यांचा चिखल होतो. तेव्हा कडव्यासाठी डिस्टॉर्शन इतकंच ठेवा की कॉर्डमधला प्रत्येक सूर एकेक करून ओळखता आला पाहिजे. घरी एकट्याने वाजवताना तो आवाज लुळा वाटेल. बेस आणि ड्रम आल्यावर तोच बरोबर बसतो.

उजव्या हाताचं काम इथे जास्त आहे. मोकळी डी सतत घुमत ठेवायची, पण तळहाताची कड ब्रिजवर हलकी टेकवून. खाली बास डीवरून बी आणि मग जीवर सरकतो, वरचे काही सूर तसेच लोंबकळत राहतात. बोटं उचलून प्रत्येक वेळी नवा कॉर्ड पकडलात तर हे लोंबकळणं तुटतं.

कोरससाठी ड्रॉप डीचा फायदा घ्या. खालच्या तीन तारा एका बोटाने आडव्या दाबल्या की पॉवर कॉर्ड तयार: बी नवव्या फ्रेटवर, जी पाचव्यावर, डी मोकळी. दोन गिटार आहेत तर कडव्यात एकच वाजवू दे. दुसऱ्याने हात तारांवर ठेवून गप्प राहायचं आणि कोरसला यायचं. गप्प राहणाऱ्याला हे जड जातं, पण कोरसला जागा मिळते ती अशीच. दोघांनी कडव्यापासून तेच वाजवलं तर तुम्ही लिहिलंय तेच होणार.

रेकॉर्ड करणार असाल तर कोरसची गिटार दोनदा वेगवेगळी वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवा. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे ठेवला तर रुंदी येत नाही, तो फक्त मोठा होतो.

बेसचं एक राहिलं: बेसवाल्यानेही जाड तार डीवर उतरवावी. चार तारांच्या बेसवर ई हाच सगळ्यात खालचा सूर. न उतरवता वाजवलं तर डी एक सप्तक वर, ए तारेच्या पाचव्या फ्रेटवर घ्यावा लागतो आणि कोरसच्या तळाशी पोकळी राहते.

तिहाई

'एव्हरलाँग'ची लय मिनिटाला सुमारे १५८ मात्रा. हाय-हॅटवर प्रत्येक मात्रेत चार ठोके, म्हणजे सेकंदाला साडेदहा. एका हाताने हे झेपणार नाही, कुणी तसा प्रयत्न करत असेल तर आधी थांबवा. दोन्ही हात आलटून पालटून: उजवा, डावा, उजवा, डावा. हाताला सेकंदाला सव्वापाच ठोके येतात, आणि ते सवयीने जमतं.

उजव्या हाताने सुरुवात केली की प्रत्येक मात्रेवर उजवाच हात पडतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला तोच स्नेअरवर न्यायचा आणि लगेच परत. डावा हॅटवरून हलत नाही. त्या एका ठोक्याला हॅट वाजणार नाही, ते योग्यच आहे. ती जागा भरायला जाऊ नका.

दीड मिनिटात हात भरून येतात याची कारणं बहुधा ही:

काठी मुठीत आवळली जाते. काठीचा उसळता जोर वापरायचा, मनगट फक्त दिशा देतं. काठी हॅटपासून चार-पाच सेंटिमीटरपेक्षा वर उचलायची गरज नाही.

हॅट फार उंच असते, त्यामुळे खांदे वर राहतात. सलग सोळा आवर्तनांनंतर खांदे कानांकडे सरकलेत का ते दुसऱ्या कुणाला बघायला सांगा.

सगळे ठोके सारख्याच जोरात पडतात. मात्रेवरचा ठोका जरा ठळक, मधले तीन अगदी हलके. यातच गाण्याची धडधड आहे, आणि हात वाचतात तेही यानेच.

सराव १२० पासून. पाच मिनिटं सलग, न थांबता, न चिडता जमलं की ५ ने वाढवा. १४५ च्या आसपास बहुतेकांचा डावा हात मागे पडायला लागतो. तिथे लय वाढवण्याऐवजी आठवडाभर डाव्या हाताने सुरुवात करून वाजवा. १६५ पर्यंत पोचलात की १५८ आरामाचं वाटेल.

आवाजाच्या पायऱ्या ठरवून घ्या. पहिल्या कडव्यात हॅट जवळजवळ बंद, कोरसच्या आधी किंचित सैल, कोरसला उघडी किंवा क्रॅश (मोठी झांज). पहिल्यापासून अर्धी उघडी ठेवलीत तर गिटारवाल्याने कितीही गेन कमी करू दे, गोंगाट राहणारच. सहावी_तार यांनी गिटारला दोष दिलाय, पण छोट्या खोलीत निम्मा दोष उघड्या हॅटचा असतो.

'माय हिरो' ड्रमवरच उघडतं. तिथे जोर नक्की द्या, पण भरगच्च रोल नकोत. ते रुबाबात चालणारं गाणं आहे, घाई केली की सगळं वजन जातं.

जुनं_विनाइल

वरच्या इतिहासात गोल्डस्मिथचा भाग निसटलाय, आणि तो या अल्बमच्या घालमेलीपासून वेगळा काढता येत नाही.

बेअर क्रीकला ड्रम गोल्डस्मिथने वाजवले होते. त्याने पुढे सांगितल्याप्रमाणे एका गाण्याचे त्याच्याकडून ९६ टेक घेतले गेले. हॉलिवूडला ग्रोलने ड्रम स्वतः पुन्हा वाजवायला घेतले, गोल्डस्मिथला न सांगता. आधी एक-दोन गाणी, मग जवळपास सगळीच. त्याला कळलं तेव्हा तो बँड सोडून गेला. त्याचं वादन अल्बमवर उरलंय ते 'डॉल'मध्ये आणि 'अप इन आर्म्स'च्या हळू सुरुवातीत. आपण त्याला कसं वागवलं याबद्दलची खंत ग्रोलने पुढे जाहीरपणे बोलून दाखवली आहे.

हे ऐकूनच 'अप इन आर्म्स' लावा. हळू भाग संपून वेगवान भाग सुरू होतो तिथे ड्रमर बदलतो. एकाच सव्वादोन मिनिटांच्या गाण्यात बँड फुटल्याची खूण आहे, आणि ती ऐकताना मला दर वेळी वाईट वाटतं. गोल्डस्मिथ वाईट वाजवत नव्हता. सनी डे रिअल इस्टेटमधलं त्याचं वादन पसरट, भावुक आहे, आणि इथे नॉर्टनला आणि ग्रोलला घड्याळासारखी धार हवी होती. वेगळ्या प्रकृतीचा वादक चुकीच्या जागी अडकला.

टेलर हॉकिन्सचं नाव पुष्कळ जण या अल्बमशी जोडतात. तो गायिका अॅलनिस मोरिसेटच्या बँडमधून ड्रमर म्हणून आला, पण रेकॉर्डिंग संपल्यावर. अल्बमवर त्याचा एकही ठोका नाही. म्हणून ड्रम शिकताना हॉकिन्सच्या कॉन्सर्टच्या चित्रफिती आणि अल्बम यांची सरमिसळ करू नका. तो मोकळ्या हाताने वाजवायचा, ओळींमधल्या जागा वेगळ्या तऱ्हेने भरायचा. आधी अल्बमवरचा ग्रोल बसवा.

पॅट स्मिअरही त्याच वर्षी बाहेर पडला. २० मे ला अल्बम आला आणि वर्ष संपायच्या आत चारपैकी दोघे गेलेले होते.

खर्ज

गायकासाठी लिहिते.

'मंकी रेंच'मध्ये शेवटच्या कोरसआधी एक लांबलचक ओरडून म्हणायचा भाग आहे, जवळजवळ एका दमात. तो फसतो तो दम कमी पडल्यामुळे नाही, दम फार भरून घेतल्यामुळे. छाती ताठ भरली की पहिल्या दोन शब्दांतच अर्धी हवा निघून जाते. पोट आणि बरगड्यांच्या बाजू फुगतील इतका, साधारण तीन चतुर्थांश श्वास घ्या. आवाजाचा जोर व्यंजनांवर द्या, स्वर आखूड ठेवा. सुरुवातीला तो भाग हळू लयीत, बोलण्याच्या आवाजात म्हणा, आणि दम कुठे तुटतो तिथे कागदावर खूण करा. प्रत्यक्ष कार्यक्रमात दुसऱ्या कुणी मधल्या दोन शब्दांना साथ दिली तर कुणाला कळत नाही आणि घसा वाचतो. घशात टोचलं किंवा खाजलं तर त्या दिवशी तिथेच थांबायचं.

'एव्हरलाँग' याच्या अगदी उलट. मूळ रेकॉर्डिंगमध्ये कडव्यातला आवाज कानाशी बोलल्यासारखा आहे. माइकपासून दोन बोटांवर या, आवाज कमी करा. जवळ आल्याने खर्ज आपोआप वाढतो. कोरसला एक वीत मागे जा. ही हालचाल तालमीतच बसवा, मंचावर सुचत नाही.

कोरसमधला वरचा साथीचा सूर सोडू नका. तो व्हेरुका सॉल्ट या बँडच्या लुईज पोस्टने शिकागोहून फोनवर गाऊन दिला होता. त्यातलं लांबून आल्यासारखं पातळपण मुद्दाम ठेवण्यासारखं आहे: बारीक आवाजात, माइकपासून जरा दूर उभं राहून. गिटारवाल्यांपैकी कुणी धष्टपुष्ट आवाजात लावला तर अर्थच बदलतो.

मधल्या कुजबुजीचं काय करायचं हा प्रश्न येईलच. तिथे एकावर एक थर आहेत, शब्द कळू नयेत असेच. मंचावर खरोखर कुजबुजू नका. जोरात कुजबुजताना घसा कोरडा पडतो, आणि ड्रमपुढे ऐकूही येत नाही. तो भाग गिटार आणि बासवर मोकळा सोडा.

मंद्रसप्तक

सगळ्यांचे मनापासून आभार. ५२ ची तार मागवली आहे, दुसरी गिटार कडव्यात बंद. एकच शंका: कुजबुजीनंतर सगळे परत येतात तिथे ड्रमर आणि गिटार वेगवेगळ्या क्षणी पडतात. क्लिक (मेट्रोनोमचा ठोका) लावून वाजवावं का?

तिहाई

तालमीत लावा, मंचावर नको. तिथे चुकण्याचं कारण असं की शांत भागात हॅटचा आवाज कमी होतो आणि बाकीचे मोजणं सोडून देतात. शांत भाग किती आवर्तनांचा आहे ते रेकॉर्डवर बोटांनी मोजून पाचही जणांनी कागदावर लिहा. शेवटच्या दोन आवर्तनांत ड्रमरने डाव्या पायाने हॅट प्रत्येक मात्रेला हलकी मिटायची. तेवढी 'चिक' सगळ्यांना पुरते. बेसवाल्याने ड्रमरच्या पायाकडे बघायचं, गिटारवाल्यांनी बेसवाल्याकडे. गायकाने डोळे मिटले तरी चालेल.